मामोसेलीने घातलेलं बारसं

हा-राबेले गावात थापा मारणारे पुष्कळ आहेत. पण जिची थाप खाल्ल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी आणखी एक खायला येतो, अशी बाई एकच, मामोसेली. वय अठ्ठावन्न, अंगाने भरलेली, पुढचा एक दात पडलेला आणि त्या एका दाताच्या सहा वेगवेगळ्या हकिगती. एकीत घोडा आहे, एकीत नवरा आहे, आणि पाद्रीबाबा समोर बसलेले असले तर एखादा देवदूतही येतो. नवरा बिचारा खाणीत छाती पोखरून घेऊन परत आला आणि बारा वर्षांपूर्वी गेला, त्यामुळे तो काही खुलासा करायला येत नाही. एकुलती एक मुलगी मोसेली. तिच्या नावावरूनच आईचं नाव मामोसेली, म्हणजे मोसेलीची आई. मुलगी सरहद्दीपलीकडे वेल्कोम शहरात कुणाच्या तरी घरी धुणीभांडी करते. ख्रिसमसला येते, आली तर.

मामोसेलीचं नाव गाजलं ते ज्वारीच्या दारूमुळे. लेसोथोच्या डोंगरात विकणाऱ्याला पाटी लागत नाही, काठी लागते. अंगणातल्या उंच काठीवर लाल फडकं दिसलं की मटण, हिरवं दिसलं की भाजी आणि पांढरं दिसलं की दारू. फडकं वर असेल तर पिंप भरलेलं असलंच पाहिजे, आणि पिंपाचा तळ दिसला की फडकं खाली आलंच पाहिजे. ओढ्यापलीकडची मानापो अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी फडकं उतरवायला विसरली आणि दोन टेकड्या ओलांडून आलेले चौघेजण कोरड्या घशाने परत गेले. गाव ही गोष्ट एव्हाना विसरून गेलं असतं. पण मामोसेली दर लग्नात आणि दर मयतीत ती नव्याने सांगते, आणि दर वेळी त्या चौघांत एखाद्याची भर पडते. अलीकडे ते एकोणीस झाले होते.

तर अशा बाईने आपल्या हाताने झेंडा उतरवून पेटीत घडी घालून ठेवला, तो एका परक्या पोरीसाठी.

गावच्या शाळेत गणित शिकवायला नॉर्वेहून एक स्वयंसेविका येणार होती, दोन वर्षांकरता. तिला ठेवून घ्यायला घर हवं होतं. गावच्या प्रमुखीणबाईंनी दोन नावं काढली, मानापो आणि मामोसेली. मानापोच्या घराला पत्र्याचं छप्पर आणि काचेच्या खिडक्या. मामोसेलीकडे गवताने शाकारलेल्या तीन गोल झोपड्या आणि पाच मेंढ्या. शिवाय स्वयंसेवकांच्या कार्यालयाचा नियम असा, की ज्या घरात दारू विकतात तिथे पाहुणी राहणार नाही. दारू मानापोही विकायची. तिने विचार करायला दोन दिवस मागितले. मामोसेलीने तिथल्या तिथे सही ठोकली. पोरगी मानापोला मिळू नये, एवढाच तेव्हा तिचा हेतू होता. उगाच तिला मोठं मन वगैरे चिकटवायला नको.

पोरीचं नाव सिग्रिड. अंगाने खराट्याच्या काडीसारखी, उंची दारापेक्षा जास्त. पहिल्याच संध्याकाळी तिने मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पाल्याची भाजी तीनदा मागून घेतली. पाहुणीला घरातलं नाव द्यायचं, ही तिकडची रीत. मामोसेलीने रिकाम्या पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हिचं नाव त्लालाने." दुष्काळात जन्मलेल्या मुलीला ठेवतात ते हे नाव, म्हणजे भूक. दुसऱ्या दिवशी पोरीने शाळेत छाती पुढे काढून आपलं नवं नाव सांगितलं, तेव्हा निम्मा वर्ग बाकाखाली गेला.

रस्त्याने जाताना समोरच्याला रामराम न करता पुढे जाणं म्हणजे तिथे उद्धटपणाची हद्द. बाई असली तर म्हणायचं 'म्मे', म्हणजे आई. पुरुष असला तर 'न्ताते', म्हणजे वडील. मग कसे आहात, झोप लागली का, असं विचारून उत्तर येईपर्यंत थांबायचं. पोरगी लांब ढांगा टाकत तडक निघून जायची आणि म्हाताऱ्या मागे कुजबुजायच्या. मामोसेलीने तिला समोर बसवून सगळं नीट शिकवलं. शेवटी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आणि त्सुकुलूच्या गाढवाला विसरू नकोस. ते वयाने फार मोठं आहे."

हा त्सुकुलू मामोसेलीचा चुलत दीर, खाणीतून निवृत्त झालेला, आळशी आणि सदा तहानलेला. पोरगी रोज सकाळी त्याच्या गाढवापुढे उभी राहायची, "न्ताते, कसे आहात?" असं विचारायची आणि उत्तराची वाट बघत थांबायची, कारण थांबायला सांगितलं होतं. तीन आठवडे हे चाललं. शाळेला उशीर होऊ लागला. गावातल्या बायका त्या वेळेला मुद्दाम पाण्याला निघायच्या. अखेर एक दिवस त्सुकुलूला राहवलं नाही आणि कुंपणाआडून तो म्हणाला, "गुडघे दुखतात, पोरी." पोरगी दोन हात उडाली, आणि मग सगळं तिच्या ध्यानात आलं.

ती रागावली नाही. पुढच्या रविवारी पाद्रीबाबा चहाला आले, तेव्हा साखरेच्या डब्यात मीठ होतं. पाद्रीबाबा भले गृहस्थ. त्यांनी आख्खा कप संपवला आणि देवाने दिलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल आभार मानले. ते वळणावर दिसेनासे झाल्यावर मामोसेली हसता हसता भिंतीला धरून खाली बसली. तिच्या जोडीचं माणूस तिला इतक्या वर्षांनी भेटलं होतं. त्या दिवसापासून तिचा त्या पोरीवर जीव जडला, आणि हे तिला स्वतःलाही कळलं.

दिवस मग बरे जाऊ लागले. पोरगी झऱ्यावरून पाणी आणायची, निम्मं वाटेत सांडायची, बादलीत उभी राहून आंघोळ करायची, संध्याकाळी मेणबत्तीपाशी वह्या तपासायची. मामोसेली शेजारी शेंगा सोलत बसायची आणि पोरांच्या चुका ऐकून घ्यायची. कधी मामोसेलीला शेजारी गप्पा मारताना उशीर झाला, तर दारात ती लांबलचक आकृती उभी असायची. "एवढा वेळ कुठे होतीस, म्मे?" बारा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

एवढं सगळं सुखाचं असताना बाईने गप्प बसावं की नाही? पण जुलै आला, तिकडची थंडी पडली आणि तिचे हात शिवशिवायला लागले. मानापोच्या काठीवर रोज पांढरं फडकं, आणि तिची दारू म्हणजे ज्वारी धुतलेलं पाणी. येणारे जाणारे मामोसेलीला विचारायचे, "तुझी पाहुणी जाणार कधी?" शेवटी तिने मोड आणून वाळवलेली ज्वारी काढली, दळली, शिजवली आणि मागच्या झोपडीत पिंप लावलं. वर ऊब राहावी म्हणून नवऱ्याचं जुनं ब्लँकेट गुंडाळलं. बेत साधा होता. झेंडा लावायचा नाही, बोभाटा करायचा नाही, शनिवारी त्सुकुलूला आणि त्याच्या दोन मित्रांना कुंपणावरून विकायची.

"म्मे, मागच्या झोपडीत आंबूस वास कसला येतो?" पोरीने विचारलं.

"डुकरांचं खाणं आहे."

"डुकरं कुठायत?"

"येणार आहेत."

शनिवारी मामोसेली चर्चच्या बायकांच्या बैठकीला गेली. पोरीने धुणं काढलं. दोरी भरून गेली, आणि थंडीत आतून घालायचा एक लोकरीचा पांढरा लेंगा तेवढा उरला. अंगणात ती उंच रिकामी काठी होती, वर दोरीही होती. आता पांढऱ्या फडक्याचा अर्थ या पोरीला आठ महिन्यांत कसा कळला नाही? तर ओढ्यापलीकडे रोज काय फडफडतं, असं तिने आल्या आल्याच विचारलं होतं, आणि मामोसेलीने सांगितलं होतं, "मानापो फार देवभोळी आहे. ते प्रार्थनेचं आहे." पोरीने लेंगा काठीवर चढवला आणि बादली घेऊन झऱ्यावर गेली, ती तिथल्या बायकांच्या गप्पांत रमली. तिच्या पायांच्या मानाने लेंगाही लांब. तो वाऱ्याने भरला आणि पार पलीकडच्या डोंगरावरून दिसू लागला.

मामोसेली बैठकीहून परतली तेव्हा तिच्या भिंतीला टेकून तेवीस पुरुष ब्लँकेटं पांघरून बसले होते. प्रत्येकाच्या हातात आपापला पत्र्याचा डबा.

"म्मे मामोसेली," त्सुकुलू म्हणाला, "आठ महिन्यांनी वर चढला खरा, पण तुझ्या झेंड्याला तंगड्या फुटल्यात."

तिने वर बघितलं. "अहो, ते धुणं आहे. पोरीचा लेंगा आहे."

बाई एकदाची खरं बोलली आणि कुणीही विश्वास ठेवला नाही.

"लेंगा असो की टोपी असो, पांढरं आहे ना?" एकजण म्हणाला. "मी दोन टेकड्या ओलांडून आलोय."

"पण दारू नाहीये."

तेवीस नाकं मागच्या झोपडीकडे वळली. आणि तेवढ्यात चढावावरून गाडीचा आवाज आला.

ती कार्यालयाची गाडी. राजधानी मासेरूहून दर काही महिन्यांनी, न कळवता, न्ताते रामोहापी येत असत. दाराला कुलूप आहे का, संडास धड आहे का, पोरीला खायला मिळतं का, हे बघून कागदावर खुणा करायचं त्यांचं काम. नियम मोडलेला दिसला तर पाहुणीची बॅग त्याच गाडीत चढायची आणि दुसऱ्या घरी जायची. दुसरं घर कुठलं, हेही ठरलेलं होतं; पोरगी आली तर फडकं उतरवायचं त्या घराने केव्हाच कबूल केलं होतं. त्या घराची मालकीण गाडीच्या मागोमाग ओढा ओलांडून येतच होती, कारण पांढरा लेंगा तिनेही पाहिला होता. मामोसेलीचं धाबं दणाणलं.

रामोहापी उतरले. बारीक अंग, चष्मा, गळ्यात टाय. शहरात राहणारा माणूस, पण जन्म डोंगरातला. त्यांनी तेवीस जणांना एकेक करून रामराम केला, प्रत्येकाच्या गुरांची चौकशी केली, आणि मग मान वर करून काठीकडे पाहिलं.

"म्मे, हे काय?"

"धुणं."

"आणि हे?" त्यांनी डब्यांकडे बोट न दाखवता नुसती हनुवटी वळवली.

"पालक सभा," मामोसेली म्हणाली. "गणिताबद्दल."

पलीकडच्या डोंगरावरून आलेला एक म्हातारा, ज्याला मूलबाळ नव्हतं, त्याने गंभीरपणे मान हलवली. "गणित फार कच्चं आहे," तो म्हणाला.

"बरं. आणि मागच्या झोपडीत काय आहे?"

"डुकरांचं खाणं, न्ताते," पोरीने उत्तर दिलं. ती झऱ्यावरून परतली होती, डोक्यावर बादली, केस निथळत. "डुकरं यायची आहेत." मदत करायची म्हणून ती अगदी मनापासून बोलली.

रामोहापी झोपडीत गेले. ब्लँकेट उचलल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. मानापोने हाताची घडी घातली आणि छान उभी राहिली.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या मिशीला फेस लागला होता. "चव घेतल्याशिवाय अहवाल लिहिता येत नाही," ते म्हणाले. "डुकरं नशीबवान आहेत. म्मे मामोसेली, आता खरं सांगा."

आता डोकं चाललं नाही तर पोरगी जाणार, हे तिला स्पष्ट दिसलं. आणि तिचं डोकं चाललं.

"बारसं आहे," ती म्हणाली. "पोरीला नाव देऊन आठ महिने झाले, पण वाडवडिलांना अजून सांगितलेलं नाही. वाडवडिलांसाठी गाळलेली दारू विकायची नसते. तुमच्या नियमात बसते."

रामोहापींनी चष्मा पुसला. "बसते," ते म्हणाले. "फुकट वाटलेल्या दारूला आमचा नियम नाही. म्हणजे आज तुम्ही सगळ्यांना फुकट पाजणार?"

मामोसेलीने तीस वर्षांत कुणाला फुकट डबा दिला नव्हता. नवऱ्यालासुद्धा नाही. तिने मागच्या झोपडीकडे एकदा बघून घेतलं. "फुकटच की."

"आणि मेंढा कुठला कापणार? बारसं म्हटलं की मेंढा आला."

भिंतीपाशी बसलेल्यांत एकदम चैतन्य आलं. मामोसेलीने अगदी लहानशा मेंढीकडे बोट नेलं. त्सुकुलू उठला आणि सगळ्यात लठ्ठ मेंढ्याच्या शिंगाला धरून घेऊन आला. त्याचे गुडघे त्या दिवशी अजिबात दुखले नाहीत.

दुपार अशी गेली. मेंढा कापला, चूल पेटली, दारू गवताच्या गाळणीतून गाळली जाऊ लागली. मामोसेली एकेक डबा भरून देत होती आणि दर डब्यागणिक तिचा चेहरा लांब होत होता. मानापोने चार डबे घेतले. पाचवा घेताना म्हणाली, "गाळलीस चांगली गं," आणि ते खरं असल्यामुळे मामोसेलीला आणखीच झोंबलं.

मांस शिजत आलं तसे रामोहापी म्हणाले, "आता वाडवडिलांना सांगा. मग मी कागद भरतो."

मामोसेलीने दिराकडे पाहिलं. "तुम्ही बोला की. घरातले मोठे तुम्ही." त्सुकुलूने कितीही खोटं हसत हसत सांगितलं असतं.

"पोरगी तुझी आहे, तूच बोल," तो म्हणाला आणि डब्यात तोंड घातलं.

इथे ती अडकली. जित्या माणसांना थापा मारायला तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण मेलेल्यांशी खोटं बोलायची तिची छाती नव्हती, कारण त्या मेलेल्यांत तिची सासू होती. सासू जिवंतपणीच मामोसेलीची प्रत्येक थाप तिच्या तोंडातून निघायच्या आधी ओळखायची. आता तर तिला कुठूनही दिसत असणार.

पोरीला शेजारी उभं करून मामोसेली मेंढ्यांच्या कुंपणापाशी गुडघ्यावर बसली. तिने पहिल्या डब्यातली दारू जमिनीवर ओतली.

"सासूबाई," ती म्हणाली, "ही ती पोरगी. हिचं नाव मी त्लालाने ठेवलं, ते चेष्टेने. तुम्हाला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. ही दारू हिच्यासाठी नव्हती. विकायला गाळली होती, तुमच्या या पुतण्याला आणि त्याच्या दोन मित्रांना, कुंपणावरून. बारसं मला आज दुपारी सुचलं." तिने डब्याच्या तळाचे थेंबही ओतले. "हिला नेतील म्हणून खोटं बोलले. ही गेली तर घरात मी आणि कोंबड्या. कोंबड्यांना चेष्टा कळत नाही. मोसेली लांब आहे, तिला तुम्ही तिकडे सांभाळा. हिला इथे राहू द्या. खाते फार, पण राहू द्या."

ती उठली. रामोहापींकडे बघायचा धीर तिला झाला नाही. आपल्याच तोंडाने आपण पोरगी घालवली, एवढंच तिच्या मनात होतं.

रामोहापी कागद हातात घेऊन बसले होते. "विकायला गाळली होती," ते हळूच म्हणाले. "हे मी ऐकलं, म्मे. काय करू?"

"विकायला गाळली होती, पण विकली कुठे?"

हे बोलली मानापो. पाचव्या डब्याने तिचे गाल लाल झाले होते. "एक थेंब विकला गेलेला नाही, साक्षीदार मी आहे. या बाईकडून मला तीस वर्षांत फुकट पाणीसुद्धा मिळालं नव्हतं. आणि न्ताते, तुम्ही डोंगरातले ना? मेंढा कापून झाला, नाव सांगून झालं. ती आता या घरची लेक. घरची लेक न्यायची तर, लग्नात मुलीच्या घरी देतात तशा, वीस गाई, दहा मेंढ्या आणि एक घोडा द्यावा लागतो. आहे का तुमच्या कार्यालयाकडे?"

"कार्यालयाकडे एक गाडी आहे," रामोहापी म्हणाले. "तीही कधी कधी ढकलावी लागते." त्यांनी कागदावर खूण केली आणि वाचून दाखवली: दारूची विक्री आढळली नाही.

मामोसेली तोंड उघडं टाकून मानापोकडे बघत राहिली. मानापो जवळ आली आणि कानाशी म्हणाली, "ते चौघंच होते. इथून पुढे चौघंच राहू देत."

"चौघंच," मामोसेली म्हणाली. हे वचन तिने अजून पाळलंय, आणि लग्नांत तिला फार जड जातं.

संध्याकाळी गाडी गेली, माणसं गाणी म्हणत डोंगर उतरली. पिंप कोरडं पडलं होतं. दोघीजणी चुलीपाशी मेंढ्याच्या बरगड्या चघळत बसल्या.

"मी सासूबाईंशी काय बोलले, कळलं का तुला?" मामोसेलीने विचारलं. "पाऊस मागितला."

"सगळं कळलं, म्मे. भाषा तूच शिकवलीस."

पोरीने हाड बाजूला ठेवलं, बोटं चाटली.

"म्हणजे आता मला इथून कुणी नेऊ शकत नाही?"

"वीस गाई आणल्याशिवाय नाही."

"आणि दोन वर्षं संपल्यावर मी आपली आपणच गेले तर?"

मामोसेलीने चुलीत एक गोवरी सारली. धूर डोळ्यांत गेला म्हणून तिने पदरासारखं ब्लँकेटचं टोक डोळ्यांना लावलं, आणि ते बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"तेव्हा गाई कुणाकडे मागायच्या," ती म्हणाली, "हे आमच्यात कुणी ठरवूनच ठेवलेलं नाही."